सारंगाला दिलेली ओ

"ओऽऽ!"

गवतातून आवाज आला आणि माझा सारंग मध्येच अडखळला. नावड्याला आमच्या कॉलनीमागे तेव्हा, शहाण्णव साली, नुसते रिकामे प्लॉट होते... कमरेइतकं गवत आणि वर घिरट्या घालणारी एखादी घार. खालच्या मजल्यावरचे काका रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, म्हणून मी रियाजाला तिथे जायचे. सारंग दुपारचा राग, आणि दुपारी तिथे चिटपाखरूही नसायचं. त्या दिवशी मात्र होतं! उंच, सावळं, खांद्यावर टॉवेल टाकलेलं.

"कुणाला ओ दिलीत?" मी फणकाऱ्याने विचारलं.

"तुम्हाला. साद घातली न्हवं तुम्ही?"

"साद? अहो, आलाप होता तो!"

तो चांगलाच ओशाळला. "माफ करा... आमच्या माणदेशात माळावर कुणी लांबून साद घातली की ओ द्यायची रीत हाय. आवाज पोचणार नसला तर टॉवेल हलवायचा. वाटलं, कुणीतरी बोलावतंय."

मला हसू आलं... आणि 'माळ' ऐकून लगेच धस्सही झालं. कारण माझ्या गुरू, मुक्ताबाई, त्या माळावरूनच तर माझी खोट काढायच्या. "सूर पक्के आहेत गं, पण सारंग म्हणजे भर दुपारचा मोकळा माळ. तुझ्या गाण्यात भिंती दिसतात!" दिवाळीआधी वाशीला माझं पहिलं गाणं होतं. तोवर माळ दिसला नाही, तर माझ्या जागी मुक्ताबाई दुसऱ्या शिष्येला बसवणार होत्या. टेन्शनने झोप उडाली होती माझी.

रणजीत त्याचं नाव. वाशीच्या मार्केटात मामाच्या कांद्याच्या गाळ्यावर पहाटेपासून राबायचा, दुपारी याच गवतातून घरी परतायचा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

"एक बोलू? तुम्ही साद घालता अन् लगेच दुसरी. ओ यायला वेळ तरी द्या की!"

इतकं सोपं! मी षड्ज लावला आणि थांबले... गवत सळसळलं, मग पलीकडून आलं, "ओऽऽ!" रोज तो आणखी थोडा लांब जाऊन उभा राहायचा. त्याला रागाचं नावही ठाऊक नव्हतं, पण असं जीव लावून ऐकणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी त्याच्या प्रेमात पडले, दुसरं काय!

"वाशीला याल ना?"

"हॉलमध्ये? तिथं ओ दिली तर लोक हसतील, गाणाऱ्या बाई."

"मग मी साद कुणाला घालू?"

तो टॉवेल झटकून वाटेला लागला. मला नावाने हाकही मारली नव्हती त्याने कधी.

वाशीचा हॉल भरला होता. तो नव्हता. भीतीने मी पहिला आलाप घाईघाईत उरकला. मुक्ताबाईंच्या कपाळावर आठी पडली. मग मी डोळे मिटले, साद घातली... आणि थांबले. डोळे उघडले तर शेवटच्या रांगेमागे, दाराशी, एक टॉवेल हळूच हलत होता! त्यानंतर मी जशी गायले, तशी आधी कधीच गायले नव्हते.

"आज गवत दिसलं गं," मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांच्या पाया पडून मी तशीच बाहेर धावले. तो रस्त्यापलीकडे पोचलाही होता. वळला, मला पाहिलं, आणि भर वाशीत दोन्ही हात तोंडाशी धरून...

"जाईऽऽ!"

रिक्षावाले बघायला लागले. मागे पायरीवर मुक्ताबाई, आई, बाबा. मी खरं तर लाजायला हवं होतं.

"ओऽऽ!" मी ओरडले.