पडद्यावरचं काळीज

पडद्यावर अपेक्षाचं काळीज फिरत होतं, आणि तिच्या सासूला, सुभद्राबाईंना, तिकडे बघवत नव्हतं...

इतकी वर्षं याच बाईनं सुनेला जानेफळ गावभर कामचुकार म्हणून बदनाम करून ठेवलं होतं! वांग्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन येताना अपेक्षा वाटेतच धापा टाकत उकिडवी बसे, तर म्हणे नखरे; ओठ निळे पडत, तर म्हणे चोरून मिसरी लावते! आणि ती वेडी, माहेरच्यांना बोल लागू नये म्हणून, दोन घोट पाणी पिऊन पुन्हा टोपलं उचलायची. नवरा इंद्रभान आईपुढे तोंड उघडणाऱ्यातला नव्हताच. परवा ती शेतातच कोसळली, तेव्हा मायलेकांनी तिला कायमची माहेरी धाडायचं ठरवलं. मात्र हिला काही धाड भरलेली नाही, हे डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घेऊन तिच्या भावाला कळवावं, एवढ्यासाठी संभाजीनगरचा मोठा दवाखाना गाठला होता.

सीटी स्कॅनच्या पातळ पातळ चकत्या जोडून संगणकानं उभं केलेलं ते हृदय डॉक्टरांनी सगळीकडून फिरवलं, मग आतून उघडून दाखवलं. दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक, फुप्फुसांकडे जाणारी नळी चिंचोळी... सगळं जन्मापासूनचं! दम कोंडला की असे रोगी आपसूक उकिडवे बसतात, तेवढ्यानंच जीव तगतो, असं ते म्हणाले. ऑपरेशन करता येईल, पण धोका वाढलाय. एवढी वर्षं हिला ओझी कुणी वाहू दिली, असं त्यांनी विचारलं.

बाहेर येताच सुभद्राबाईंचा बांध फुटला. त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले.

"माह्यं चुकलं व माय... आतलं असं दिसलं असतं, तं तुले काडीले हात लावू देला नसता. चाल, घरी चाल."

या एका शब्दासाठी अपेक्षानं किती वाट पाहिली होती! किती रात्री उशी भिजवली होती! आणि आज तो कानावर पडला, तर अंतःकरणात नुसता कडवटपणा दाटून आला... तिनं हळूच हात सोडवून घेतले आणि इंद्रभानकडची आपली पिशवी मागून घेतली.

"आत्याबाई, आतलं पाहाले मशीन लागते," ती म्हणाली. "पण मी तं रोज तुमच्या डोयांसमोरच खाली बसत होती. मले आता माहेरीच सोडा."