काचेवर थांबलेली ओळ

नवा वृत्तनिवेदक वाक्याच्या मध्यावर थांबला आणि कॅमेऱ्यापुढच्या काचेवर त्याची ओळही थांबली. थांबणारच! अक्षरांनी आवाजाच्या मागे चालावे, पुढे धावू नये, हा टेलिप्रॉम्प्टर चालवणाऱ्या त्या मुलीचा धर्म होता. तिची बोटे चक्रीवर निश्चल झाली. तो जणू ओळ सरकण्याची वाट पाहत राहिला, ती त्याच्या आवाजाची… आणि घराघरांत एक उघडीबोडकी शांतता पसरली.

मग तो गोड हसून म्हणाला, "क्षमस्व, आमचं यंत्र जरा रुसलंय."

यंत्र! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बातम्या संपल्या. निर्मात्या मॅडमनी तिला बोलावून दोनच वाक्ये ऐकवली. तशीच तणतणत तिने त्याला मेकअपच्या खोलीबाहेर गाठले.

"रुसलं कोण हो? यंत्र?"

"अहो, वेळ मारून नेली…" गालावरची पावडर पुसता पुसता तो चाचरला.

"माझ्या जिवावर! संध्याकाळच्या बातम्या काढून घेतल्या माझ्याकडून. उद्यापासून पहाटेचं हवामान! दुपारच्या तालमीत तुमचा श्वास कुठे अडतो, जीभ कुठे अडखळते, सगळं पाठ केलं मी, आणि तुम्ही खुशाल…"

"माझा श्वास पाठ केलात?"

"विषय बदलू नका!"

तो वळला आणि थेट मॅडमच्या खोलीत शिरला. भांडण अर्धवट सोडणे तिच्या स्वभावातच नव्हते. तीही मागोमाग गेली.

"मॅडम, यंत्र ठीक होतं. चूक माझी. कॅमेऱ्यामागे अंधार होता… यांनी टेबलावरचा दिवा लावला, आणि माझी नजर काचेवरून घसरली."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. "आणि परत वर यायला एवढा वेळ?"

"यायला तयारच नव्हती."

कोपऱ्यात बसलेला ध्वनिमुद्रण करणारा माणूस उगाचच खोकला.

"छान! मग पहाटेचं हवामान तूच वाच. आणि तू गं, संध्याकाळी जागेवर हवीस."

बाहेर येताच ती पुन्हा उसळली. लाजेने की रागाने, कोण जाणे, तिचे कान तापले होते.

"हे मला सांगायचं सोडून मॅडमना सांगितलंत? चार लोकांत?"

"तुम्ही बोलू कुठे देत होतात…"

"आणि पहाटे काय कराल? त्या पाळीचा माणूस अक्षरं घोड्यासारखी पळवतो!"

"अडखळेन," तो हळूच म्हणाला. "होईल सवय."

"अडखळाल कसे? मेहनत घेतलीय मी तुमच्यावर!"

बोलून गेली, आणि स्वतःच थबकली. तो तिच्याकडे पाहत होता. आता मध्ये काच नव्हती. तिने नजर वळवली, पदर खोचावा तशी ओढणी खांद्यावर आवळली आणि मॅडमचे दार पुन्हा ढकलले.

"मॅडम, मला पहाटेचीच पाळी हवी."

"अगं, आत्ता तर त्यावरूनच भांडत होतीस!"

"अजूनही भांडतेच आहे," ती फणकारली. "फक्त… बराच वेळ लागेल असं दिसतंय."