ग्वायाकिलची खोकी

शारजातल्या त्या कोल्ड स्टोअरमध्ये केळी झोपेत यायची. बोटीवर तेरा डिग्रीत महिनाभर झोपायची आणि इथं सूर्यकांत त्यांना उठवायचा. खोली बंद, गॅस चालू, चोवीस तास. मग दार उघडून हवा द्यायची. चार-पाच दिवसांत पिवळीधमक. बारा वर्षं हेच काम. बाहेर डांबर वितळायचं आणि हा आत स्वेटर घालून.

इक्वेडोरची बोट महिन्यातून एकदा लागायची. बोटी दोन, आलटून पालटून; एकीवर त्याचा धाकटा भाऊ नागेश खलाशी. त्याला एक खोड होती. तिकडे ग्वायाकिल बंदरात माल चढताना खिशातला मार्कर काढायचा आणि एखाद्या खोक्यावर मराठीत ओळ खरडायचा. 'अण्णा, पोट आवर.' 'अण्णा, कोळंबीचं लोणचं संपलं.' हजारात एक खोकं. बोट लागली की दोन तासांनी समोर येऊन बसणारच असायचा, तरी लिहायचा. स्टोअरमधले बाकीचे पठाण नाहीतर मल्याळी. वाचणारा एकटा सूर्यकांत.

नव्व्याण्णवच्या एप्रिलात त्याची बोट आली, नागेश आला नाही. कॅप्टन म्हणाला, पोटात दुखत होतं, ऑपरेशनसाठी तिथल्या दवाखान्यात उतरवला. कंपनीचा तिथला एजंट बघेल.

एजंटचा फोन वाजायचा. उचलायचं कोणी नाही.

ऑफिसात सायरा होती, दापोलीची. तिनं जुन्या पेपरांच्या रद्दीतून बातमी काढली. "दादा, तिकडं मार्चमध्ये बँकांना कुलपं घातली. लोकांचे पैसे आत, लोक बाहेर. टॅक्सीवाल्यांनी रस्ते अडवले होते."

"दवाखान्याचं काय लिहिलंय?"

"दोन इंचाची बातमी आहे. त्यात काय काय मावणार?"

गावाकडून, हर्णैहून, आये दर शुक्रवारी फोनवर विचारायची, नागू कुठं आहे? सूर्यकांत सांगायचा, बोटीवर. बाप समुद्रात गेला तेव्हाही तिला तीन दिवस असंच सांगितलं होतं लोकांनी.

मेच्या बोटीत खोकं सापडलं. तेच अक्षर, वेलांट्या घाईत ओढलेल्या. 'अण्णा, खाट सतरा. डॉक्टरांना पगार नाही, येत नाहीत.'

सूर्यकांत खोकं डोक्यावर घेऊन ऑफिसात घुसला. "बघ! जिवंत आहे लेकाचा! बंदरावर जाऊन लिहितोय!"

"खाटेवरून उठून?"

"दिलं असेल कुणाकडं तरी लिहायला."

"मराठीत?"

"तुला काय करायचंय? तू फॅक्स टाइप कर."

तिनं केला. सूर्यकांतनं आठवेल ते सगळं सांगितलं. नाव, वय, डाव्या कानामागं तीळ. बाप समुद्रात गेला. आयेचं नाव नर्मदा. लहानपणी माडावरून पडला होता. घरात नागू म्हणतात. एक पान भरलं. दर आठवड्याला तेच पान तिकडं जायचं. एजंटला, दवाखान्याला, जिथला नंबर मिळेल तिथं.

जुलैत तिकडं परत रस्ते बंद पडले. त्या महिन्याच्या बोटीतलं अक्षर खोक्याच्या बाहेर नव्हतं. आत होतं, पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला, प्लॅस्टिकच्या खाली. मळ्यावर भरून चिकटवलेलं खोकं. पट्टी शाबूत होती, सूर्यकांतनंच सुरीनं कापली. 'दिवे गेलेत. बाजूच्या खाटा रिकाम्या झाल्या.'

तो बराच वेळ पुठ्ठ्यावर बोट फिरवत बसला. मग स्वतःवरच भडकला. कोणीतरी भरताना लिहिलं असेल, त्यात काय एवढं! पण त्या दिवसापासून तो एकेक खोकं स्वतः उघडायला लागला. मुदीर, म्हणजे मॅनेजर, ओरडला, काम अडतंय, चला, यल्ला, यल्ला. यानं ऐकलं नाही. जेवण गेलं, झोप गेली. सप्टेंबरात त्यानं दाढी करणंही सोडलं.

ऑक्टोबरच्या खोक्यावर महिन्यापूर्वीचा शिक्का होता. आत लिहिलं होतं, 'अण्णा, दाढी का वाढवलीस? आयेला आवडत नाही.'

हे त्यानं सायराला दाखवलं नाही. पुठ्ठा फाडला आणि स्वेटरच्या आत घातला. दिवसभर छातीला गार लागत होता.

डिसेंबरात फॅक्सला एजंटचं उत्तर आलं. माणूस मिळाला. वर्णन जुळतं. पाठवतो.

जानेवारीत नागेश विमानानं उतरला. हाडकलेला, केस कापलेले. कानामागं तीळ. "अण्णा," म्हणाला, आणि सूर्यकांत त्या विमानतळावर, सगळ्यांच्या देखत, लहान पोरासारखा रडला.

नागेश खोलीवर राहायला लागला. फार बोलायचा नाही. विचारलं तर सांगायचा, बाप समुद्रात गेला. माडावरून पडलो होतो. आयेचं नाव नर्मदा.

"खोक्यांवर कसं लिहायचास रे?" सूर्यकांतनं विचारलं.

"कोणत्या खोक्यांवर?"

आजारात विसरला असेल. विसरणारच ना.

एके दिवशी सायरा नागेशला भेटून आली आणि फॅक्सचं जुनं पान काढून टेबलाशी बसली.

"काय झालं?"

"दादा, रागावू नका. त्याला सगळं आठवतं. पण जे माझ्या फॅक्समध्ये आहे तेवढंच. ज्या क्रमानं आहे, त्याच क्रमानं."

सूर्यकांतनं टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की चहा सांडला. "माझा भाऊ आहे तो! खलास! परत हे काढायचं नाही!"

बावीस जानेवारीला त्यानं पहाटेच्या विमानात नागेशला बसवलं. मुंबईहून गाडी सांगितली होती. आयेला तोवर काहीच कळवलं नव्हतं, आता सगळं सांगितलं. ती फोनवर हसली की रडली, कळलं नाही.

तिथून तो तसाच कामावर आला. बोट कालच लागली होती. सायरा पेपर वाचत होती. "तिकडं सरकार पडलं, दादा. सैनिक लोकांना जाऊन मिळाले."

"पडू दे," सूर्यकांत म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याला भूक लागली होती. दुपारी पोटभर जेवला, मग जुन्या सवयीनंच त्यानं सुरी घेतली आणि पहिलं खोकं कापलं.

नुसती केळी.

दुसरं. तिसरं.

अकराव्या खोक्यात चारी बाजूंना अक्षर होतं. घाईचं, एकावर एक.

'अण्णा, मी अजून खाट सतरावरच आहे. त्याला आयेकडं पाठवू नको.'

सूर्यकांतनं ते दोनदा वाचलं. मग तो धावला. सायराच्या हातातून फोन ओढून घेतला. नंबर तीनदा चुकला.

घड्याळात दीड वाजला होता. हर्णैला तीन.

"आये! आये, ऐक..."

"अरे, तुझाच विचार करत होते. भाकऱ्या झाल्या, कालवण उकळतंय. एवढा उशीर का रे त्याला?"

"आये, दार लाव. शेजारी जा. म्हादूकाकाकडं जा, आत्ता."

"काय बडबडतोस? ऐकू येत नाही नीट. थांब हं, गाडी वाजली."

"आये, कडी काढू नको!"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. तिच्या चपला, घाईघाईनं लांब जाणाऱ्या. कडी.

"नागू! ये रे बाळा, ये."

मग काही नाही.

सूर्यकांत ओरडत राहिला. सायरा भिंतीला टेकून उभी होती.

बऱ्याच वेळानं तिकडं पावलं वाजली, सावकाश, चपलांशिवाय. कोणीतरी रिसीव्हर उचलला, थोडा वेळ कानाशी धरला, आणि न बोलता, अगदी हलक्या हातानं जागेवर ठेवून दिला.