बंद पडलेल्या पेपरचे वाचक

मालकाची हौस दांडगी. गावात इंग्रजी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके, तरी पठ्ठ्याने इंग्रजी दैनिक काढलं. बाजारभाव, अग्रलेख, शब्दकोडं, सगळा थाट. फुकट्या वाचकांसाठी कचेरीबाहेरच्या भिंतीवर काचेची पेटी होती. तिच्यात रोजचा अंक टाचून लावत. पण वर्ष भरायच्या आत पेपरने मान टाकली. मालकाने गाशा गुंडाळला, यंत्रं भंगारात गेली, माणसं पोटामागे पांगली. उरला एकटा उपसंपादक. ना बायको, ना पोर. इमारत विकली जाईपर्यंत राखण म्हणून तो माडीवरच्या खोलीत राहू लागला.

एका दुपारी खिडकीतून त्याला पेटीसमोर एक हमाल उभा दिसला. शेवटचा अंक उपसंपादकानेच काढून ठेवला होता. पेटी रिकामी होती. बघत असेल काचेत तोंड, म्हणून त्याने सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिघं होते. मग रोजच घोळका जमू लागला. न्हावी, भाजीवाली, शाळेचा शिपाई. कुणी खुदकन हसे, कुणी चुकचुके. पुढचा बाजूला झाला की मागचा पुढे सरके.

शेवटी तो खाली उतरला.

"काय बघताय?" त्याने न्हाव्याला विचारलं.

"बघतोय कुठे? वाचतोय," न्हावी मान न वळवता म्हणाला. "आजचा अग्रलेख झणझणीत आहे. चांगलं धुऊन काढलंय."

"अहो, पेपर बंद पडला!"

न्हाव्याने आता त्याच्याकडे पाहिलं. नजरेत कीव होती. "तुमचं सदर हल्ली दिसत नाही, साहेब. तुम्हाला काढलं का?"

उपसंपादक काचेजवळ गेला. गंजलेल्या टाचण्या, धूळ, आणि स्वतःचा चेहरा. बाकी काही नाही.

तो माडीवर परतला. भीती होतीच, पण तिच्याहून खोल काहीतरी सलत होतं. पेपर चालू होता, आणि त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

सकाळी त्याने पेचकसाने पेटी उखडली आणि जिन्याखाली टाकली. भिंतीवर फिकट चौकोन उरला.

दुपारी माणसं आली. चौकोनासमोर उभी राहिली. कुणी काही विचारलं नाही. डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते, मग किंचित खाली.

त्याने धाकट्या बहिणीला निरोप धाडला, मला घेऊन जा. ती कधीची मागे लागली होती. धावतच आली, भराभर सामान बांधलं, दोन शब्द सुनावलेसुद्धा. "हाडांचा सापळा झालायस, दादा. आता माझ्याकडे गप पडून राहायचं."

किती दिवसांनी कुणीतरी हक्काने रागावलं होतं. त्याला भरून आलं.

खाली येऊन त्याने दाराला कुलूप घातलं. रस्ता मोकळा होता. तो चालू लागला. कोपऱ्यावर वळून पाहिलं, तर बहीण मागे नव्हती.

ती भिंतीसमोर उभी होती. खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली होती.

बहिणीची शाळा चौथीत सुटली होती. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं.

"अगं, चल ना."

तिचे ओठ हलत होते. मध्येच ती हसली.

"चल, गाडी चुकेल!"

तिने नजर न हलवता त्याला हाताने थोपवलं.

"थांब रे, दादा. शेवटचंच पान राहिलंय."