नऊ सालांची शेवंती

बांध एक, विहीर एक, ऊन एक. मग पलीकडे भिवाकाकांची शेवंती हसते नि अलीकडे आपलीच माना का टाकते?

देवीच्या जत्रेला पंधरा दिवस उरले होते. फुलवेणीचा मान उर्मीच्या घरचा, आणि वेणीची परडी डोक्यावर घ्यायची पाळी यंदा पहिल्यांदाच तिची. तिचा संशय पक्का होता : भिवाकाकाच विष कालवतात. नाहीतर त्यांच्या शेतातून निघालेला उकऱ्या (गावाचा माती तपासणारा यंत्रमानव) रोज आपल्याच वाफ्यात का शिरतो?

आज तिनं त्याची वाट अडवली.

"काय पेरतोस रे चोरून?"

"पेरत नाही, ताई, मोजतो. भिवाकाकांनी धाडलंय. म्हणाले, पोरगी माझ्याशी बोलत नाही, पण तिची झाडं बघ."

उकऱ्यानं एक मूळ उपटलं. तपकिरी, कुजकट. त्याच्या छातीवरच्या काचेत ते मोठं दिसलं, आत धागे वळवळत होते.

"हे सूत्रकृमी (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे किडे). शेवंतीची मुळं खातात. नऊ सालं एकाच जागी तेच ताट वाढलंत, पाहुणे उठतील कशाला? काका एक साल शेवंती लावतात, एक साल झेंडू. झेंडूच्या मुळांतला रस यांना सोसत नाही."

"त्यांनीच पढवलं असेल तुला."

"मग तुमच्या जुन्या गोठ्याच्या जागेतलं झाड उपटा. तिथं शेवंती यंदाच लागलीय."

उर्मीनं उपटलं. मुळं पांढरीशुभ्र.

"सुकलेली झाडं दरसाल कुठं टाकता, ताई?"

"टाकायची कशी? देवीची झाडं. इथंच पुरतो, मुळांसकट..." बोलता बोलता तिला उमगलं. किड्यांना घर आपणच बांधून दिलं होतं.

ती बांधापाशी गेली. पलीकडे भिवाकाका फुलं खुडत होते. "काका, यंदाची वेणी तुमच्या फुलांची केली तर?"

"माझ्या? मी तर विष कालवतो ना?"

उर्मीची मान खाली. "कुणी सांगितलं?"

"वाऱ्याला बांध नसतो, बाय." काका हसले. "ने फुलं. परडी तूच उचल. पण आधी ती रोगट झाडं काढ, जाळून टाकू. मग दोन सालं तिथं झेंडू. शेवंती गोठ्याच्या जागी वाढू दे, पाळी आली की परत वाफ्यात येईल."

"देवीची झाडं जाळायची?"

"आणि माती देवीची नाही का गं?"

उर्मी वाफ्यात शिरली. मग ओचा खोचून वाकली नि तिनं पहिलं झाड मुळासकट उपटलं.