न लागणारा वारा आणि ढब्बूचं डोकं

ढब्बूचं डोकं उडालं तेव्हा वारा अजिबात नव्हता. कोडं तेच होतं.

सन २०६८. देवगडपासून दोन तासांवर, दाट धुक्यात ‘पाणकोंबडी’ नावाची शिडाची होडी लक्षद्वीपकडे चालली होती. होडीवर अकरा वर्षांची सुरंगी, समुद्रगवताचा अभ्यास करणारी तिची हेमांगी आत्या आणि सुकाणूवर यंत्रमानव ढब्बू. हवा इतकी स्तब्ध, की सुरंगीच्या कपाळावरची बटही हलत नव्हती. तरी होडी पुढे सरकत होती. आवाज न करता, खालून कुणीतरी ओढत असल्यासारखी. आणि अचानक शिडाखालचा आडवा दांडा आपण होऊन उजवीकडून डावीकडे फिरला.

ठण्ण! ढब्बूचं डोकं पाण्यात.

आत्यानं घाबरून नांगर टाकला. होडी थांबली, डोकं मात्र थांबलं नाही. ओहोटीबरोबर तरंगत ते शेजारून निघालं. जाता जाता म्हणालं, “बॅटरी सहा टक्के. मला कुणी मारलं?” आणि धुक्यात शिरलं.

“आत्या, इंजिन लाव ना!”

“मग त्याची हाक कशी ऐकू येणार? दिसत तर काहीच नाहीये.” आत्यानं कानामागे हात धरला. बॅटरी संपली, की डोकं गप्प होणार आणि खुल्या समुद्रात हरवणार. त्यात सुरंगीबरोबरची चार वर्षं साठवलेली होती. दुसरी प्रत नव्हती. प्रत काढायला गेलं, की ढब्बूला गुदगुल्या व्हायच्या.

तेवढ्यात सुरंगीची बट फडफडली. मानेला काहीतरी गार लागलं.

“आत्या, वारा! आपण थांबलो आणि हा कुठून आला?”

“आला नाही, होताच. तो ताशी बारा किलोमीटरनं मागून येत होता, आपण आठनं त्याच्याच दिशेनं पळत होतो. उरला किती?”

“चार.”

“तेवढाच आपल्याला लागत होता. हा भासमान वारा (चालत्या होडीतून जाणवणारा वारा). आपल्याला वाटतं वारा मेला, पण शिडामागे तो जिवंत असतो. दांडा उजवीकडे होता. होडीचं तोंड थोडं जास्त उजवीकडे वळलं, वारा शिडाच्या पलीकडच्या बाजूनं शिरला आणि त्यानं दांडा भिरकावला.”

“पण दांड्याला दोरी आहे की!”

“ती त्याला फार बाहेर जाऊ देत नाही. आत यायला तो मोकळाच. त्याला रोखदोर (दांड्याला आत फिरू न देणारा दोर) लागतो. तो ऐच्छिक असतो.”

“मग आपला कुठाय?”

दोघींनी वर पाहिलं. रोखदोरावर आत्याचे दोन परकर आणि अकरा बोंबील वाळत होते.

“दोराच्या खोक्यावर ‘ऐच्छिक’ लिहिलं होतं गं,” आत्या म्हणाली.

त्यांनी दोर सोडवला. एक टोक दांड्याच्या बाहेरच्या टोकाला बांधलं, दोर होडीच्या नाकाकडे नेला, तिथल्या कप्पीतून ओवून मागे आणला आणि सुकाणूजवळ घट्ट केला. वेळ पडली तर पटकन सोडता यावा, म्हणून हाताशी.

नांगर उचलला. वारा पुन्हा मेला. सुकाणूवर ढब्बूचं बिनडोक धड स्वतःच्या वेगळ्या बॅटरीवर उभं होतं. सुरंगी त्याच्या ज्या खांद्यावर थाप मारी, त्या बाजूला ते होडी वळवी.

“दोऽऽन टक्के,” धुकं म्हणालं. डावीकडून.

डावी थाप.

“इथे… कुणीतरी… माझ्यावर… बसलंय…”

सुरंगीनं दचकून तीन थापा मारल्या. दांडा आता डावीकडे होता आणि होडीही डावीकडे फारच वळली. शीड उलटं फुगलं. दांडा करकरला आणि तिच्या डोक्याच्या दिशेनं सुटू पाहू लागला. रोखदोर ताणला, त्यातून पाण्याचे थेंब उडाले, विसरलेला बारावा बोंबीलही उडाला. दांडा जागचा हलला नाही.

“उजवी थाप!” आत्या ओरडली. शीड सरळ झालं.

आता हाकही थांबली होती. सुरंगी श्वास रोखून ऐकत राहिली.

“कॅऽऽव!”

दहा हातांवर एक कुरव पक्षी ऐटीत बसला होता. ढब्बूच्या डोक्यावर. आत्यानं लांब दांड्याच्या जाळीनं डोकं उचललं. कुरव फार नाराज झाला.

सुरंगीनं घाईघाईनं डोकं बसवलं, चार्जर लावला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग डोळे लुकलुकले.

“मला कुणी मारलं?”

“वाऱ्यानं. मागून येऊन.” सुरंगी हसत रडत होती. “अरे, घाईत तुझं डोकं उलटं बसलंय. थांब, फिरवते.”

“राहू दे,” ढब्बू म्हणाला. “मागे कुणीतरी बघायला हवंच. लक्षद्वीप किती लांब आहे?”