समईसारखं चकचकीत पोर्ट

हवेची वाट मोठी केली, आरशासारखी घासली, तर इंजिनाला जोर यायला पाहिजे. मग आमचं इंजिन मांजरासारखं शिंकत का होतं?

साल २०५८, कोल्हापूरचं उद्यमनगर. मोटारसायकल माझ्या वडिलांची, १९६८ सालची. उद्या दहाला पन्हाळ्याच्या चढावर तिची परीक्षा. दोन माणसं घेऊन न थांबता वर गेली तर रस्त्यावर राहणार, नाहीतर कायमची संग्रहालयात. आणि ही बया गल्लीतला गतिरोधक चढेना!

"बंड्या, काय केलंस रे बाबा?"

बंड्या आमचा रोबो. आधी भांड्यांच्या दुकानात समया घासायचा. "पोर्ट (हवा-पेट्रोलचं मिश्रण इंजिनात जायची वाट) रुंद केलं. चकचकीत केलं. तुम्हीच म्हणालात, समईसारखं कर."

"चेष्टा केली होती, गाढवा!"

"चेष्टा तुझी आणि ओरडा त्याला?" माझी बारा वर्षांची भाची ओजस्वी म्हणाली. "पण मामा, वाट मोठी तर हवा जास्त जाईल ना?"

कपाळ माझं! आता शिकवणं आलं. मी तिच्या हातात पाण्याचा पाईप दिला. पाणी तिच्या पायाशीच पडलं.

"आता तोंडावर अंगठा दाब."

धार सुसाट सुटली, थेट बंड्याच्या थोबाडावर. त्याला मीच तिथं उभा केला होता.

"वाट अरुंद, तर वेग जास्त!" ओजस्वी हसत म्हणाली.

"बरोबर. इंजिन हळू फिरताना हवेला ओढ कमी. अरुंद वाटेत हवा तरीही पळते, पेट्रोलचे थेंब सोबत नेते. रुंद वाटेत ती रेंगाळते आणि थेंब भिंतीला चिकटतात. भिंत आरशासारखी असली तर चिकटलेले सुटतही नाहीत."

"मग जुने लोक घासायचे कशाला?"

"अगं, तेव्हा सिलिंडर हेड (इंजिनाचं झडपा असलेलं डोकं) वाळूच्या साच्यात ओतायचे. आत सगळं ओबडधोबड. मेकॅनिकांनी कानशीनं उंचवटे काढले, जोर वाढला. मग चेव चढला, करा अजून मोठं! शर्यतीत भरधाव पळताना ते चाललं, घाटात मेलं. पुढं हेडमधून हवा ओढून मोजायला लागले तेव्हा कळलं, खरा घोळ वळणावर आहे. वळण गोलसर केलं की वाट फार न वाढवताही हवा जास्त जाते."

"आणि धुराची वाट?"

"ती गुळगुळीतच बरी. काजळी कमी धरते, हेड कमी तापतं. आपल्या इंजिनात पाणी नाही, वाऱ्यावरच थंड व्हायचं."

आम्ही उष्णता आणि पेट्रोल सोसणारं लुकण (भोकं बुजवायचा लगदा) भरून वाट अरुंद केली, कानशीनं वळण गोल केलं, खरखरीत कागद फिरवला. बंड्या ब्रश घेऊन घिरट्या घालत होता. पॉलिशचा डबा मी शर्टात लपवला.

सकाळी शेवटच्या वळणावर इंजिन पुन्हा शिंकलं. मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली, हवेची झडप सताड उघडली. गाडी अजूनच मरगळली.

"मूठ सोड थोडी!" मागून ओजस्वी ओरडली. "तू वाट रुंद करतोयस, मामा!"

सोडली. हवा पळाली, इंजिन सावरलं, आणि टकटक करत आम्ही माथ्यावर!

"मंगळावर हवा एवढी विरळ," ती खाली दरीकडं बघत म्हणाली, "तिथल्या यंत्रांच्या वाटा कशा कोरायच्या?"

"मला नको विचारूस. आजपासून कानस तुझी. तूच शोध."

घरी आलो, तर बंड्यानं कानस समईसारखी घासून ठेवलेली. एक दात शिल्लक नाही! मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओजस्वीनं शांतपणे पाईप त्याच्या हातात दिला.

"बंड्या, अंगठा दाब."

त्यानं नेम बरोबर माझ्यावर धरला. कार्टा शिकला म्हणायचा!